चिकटवलेल्या लाकडी पॅनेलचे स्वयंचलित उत्पादन: बडोद्याच्या हवेत लाइन कशी उभारावी

मकरपुरा किंवा वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत फर्निचरचा कारखाना चालवणाऱ्या अनेकांच्या मनात सध्या एक विचार घोळतो आहे. प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डाच्या पुढे जाऊन अस्सल लाकडाच्या पट्ट्या जोडून तयार केलेले पॅनेल स्वतःच बनवावे, आणि तेही मिस्त्रींच्या शिकंज्यावर एकेक करून नव्हे, तर यंत्रांच्या साखळीवर. हा विचार चांगला आहे. कांडला बंदरात उतरणारे न्यूझीलंडचे पाईन, केरळातून येणारे रबरवुड आणि आपल्या लात्यांमधले, म्हणजे लाकडाच्या वखारींमधले, सागवान या तिन्ही लाकडांचा पुरवठा बडोद्याच्या आवाक्यात आहे. मात्र या कामात पहिला पैसा बहुतेक वेळा प्रेसवर खर्च होतो आणि खरी अडचण मात्र प्रेसच्या कितीतरी आधी असते. यंत्र जे मिळेल तेच पुन्हा पुन्हा करते. ओले लाकूड दिले तर ते तितक्याच शिस्तीने खराब पॅनेल काढत राहील. म्हणून पुढचा सारा क्रम ओलावा, पृष्ठभाग, दाब आणि शेवटी वेग असा लावला आहे.

आधी हिशेब

यंत्रांची माहितीपत्रके मागवण्यापूर्वी एका पॅनेलचे गणित कागदावर मांडावे. समजा, तयार पॅनेल २४०० × १२२० × १८ मि.मी. मापाचे हवे आहे आणि पट्टीची रुंदी ४५ मि.मी. ठेवायची आहे. कडा छाटण्यासाठी वाव ठेवला तर २८ पट्ट्या लागतात आणि प्रत्येकीची लांबी २४५० मि.मी. धरावी लागते, म्हणजे एका पॅनेलला जवळपास ६९ मीटर पट्टी. आठ तासांच्या पाळीत ५० पॅनेल काढायचे ठरवले, तर चारही बाजू रंधणाऱ्या मोल्डर यंत्रातून सुमारे ३४३० मीटर माल जायला हवा.

आता मोल्डरचा वेग पाहू. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, मिनिटाला ६००० फेरे घेत असेल आणि साधे कटर बसवलेले असतील, तर कटरला पाती कितीही असली तरी लाकडावर शेवटचा ठसा सर्वांत पुढे आलेल्या एकाच पात्याचा उमटतो. सांध्यासाठी दोन ठशांमधले अंतर २ मि.मी.हून अधिक नसावे, म्हणून मिनिटाला १२ मीटरपेक्षा जास्त वेग देता येत नाही. पाती बदलणे, मापे लावणे आणि अडकलेला माल काढणे यात वेळेचा चौथा हिस्सा जातो असे धरले, तर सरासरी ९ मीटर पडते आणि ३४३० मीटरला ३८१ मिनिटे लागतात. पाळीचा बहुतेक वेळ तिथेच गेला. मोल्डरचा वेग दुप्पट करायचा असेल, तर एकाऐवजी दोन पाती सारखी कापतील अशी हायड्रॉलिक पकडीचे कटरहेड आणि यंत्रावरच पाती समपातळीत आणण्याची सोय लागते, आणि तो खर्च वेगळा.

या गणितातून पुढचा निर्णय आपोआप निघतो. ५० पॅनेल म्हणजे साधारण साडेनऊ मिनिटांना एक पॅनेल. नेहमीच्या तापमानाला पीव्हीए गोंदाला (सुतारांच्या नेहमीच्या पांढऱ्या गोंदाला) ४५ मिनिटे दाब द्यावा लागला, तरी पॅनेल कप्प्यांत आवळून धरणाऱ्या फिरत्या क्लॅम्प यंत्राचे पाच कप्पे पुरतात. जानेवारीतल्या पहाटे शेडमध्ये पारा १२ अंशांवर आल्यावर हा वेळ दुप्पट झाला तरी दहा कप्प्यांत काम भागते. दोन-तीन मिनिटांत पॅनेल चिकटवणारा रेडिओ फ्रीक्वेन्सी प्रेस इथे दिवसाचा बहुतेक वेळ रिकामा उभा राहील. तो प्रेस उत्तम असतो, पण या उत्पादनाला तो लागत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडाचा उताराही याच वेळी काढून ठेवावा. २५ मि.मी. जाडीच्या चिरीव फळीतून १८ मि.मी. पॅनेल काढताना जाडीचाच उतारा ७२ टक्के होतो. ४८ मि.मी. रुंदीची कच्ची पट्टी ३.२ मि.मी.च्या करवतीने कापून शेवटी ४५ मि.मी. उरली, तर रुंदीत ८८ टक्के. दोन्हींचा गुणाकार ६३ टक्के, आणि गाठी-चिरा कापताना पाचवा हिस्सा गेला तर हातात ५१ टक्के उरतात. पॅनेलचा भाव ठरवताना लाकडाची किंमत जवळजवळ दुप्पट धरावी लागते ती यामुळे.

ओलावा: इथे घाई करू नये

बडोद्याची हवा वर्षभरात फार बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या खाली उतरते. ३० अंश तापमानाला ८० टक्के आर्द्रतेत लाकूड बराच काळ ठेवले, तर त्यातला ओलावा १५-१६ टक्क्यांवर स्थिरावतो. ३० टक्के आर्द्रतेत तोच ६ टक्क्यांवर येतो. घरातले फर्निचर प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये हलत असते, म्हणून पॅनेलसाठी ८ ते १० टक्के हे लक्ष्य ठेवावे आणि एकाच पॅनेलमधल्या दोन पट्ट्यांत २ टक्क्यांहून अधिक फरक चालवून घेऊ नये. आयएस २८७ या भारतीय मानकाने आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून कामागणिक ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. माल राजस्थानात किंवा कोकणात जाणार असेल तर ते मानक काढून लक्ष्य पुन्हा ठरवावे.

दोन पट्ट्यांमधला फरक हा सरासरीपेक्षाही घातक असतो. एक पट्टी ८ टक्क्यांची आणि शेजारची १३ टक्क्यांची असेल, तर दोन्ही चिकटताना सारख्या जाडीच्या असतात, पण महिन्याभरात ओली पट्टी आकसते आणि पॉलिश केलेल्या टेबलावरून बोट फिरवले की पायरी लागते. गोंदाला दोष दिला जातो. गोंद मात्र जागच्या जागी घट्ट असतो.

लाकूड सुकवण्याच्या भट्टीतून माल काढताना ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा पुरेसा नाही. प्रत्येक भट्टीतून काही नमुने घेऊन १०३ अंश तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत सुकवावेत. गेलेल्या पाण्याचे वजन भागिले कोरड्या लाकडाचे वजन, हा खरा ओलावा. सुया टोचण्याचा मीटर या आकड्याशी ताडून घ्यावा, लाकडाची जात आणि तापमान यांची दुरुस्ती त्यात भरावी, आणि सुया फळीच्या जाडीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शापर्यंत खोल जातील अशा घ्याव्यात, कारण पावसाळ्यात फळीची वरची कातडी हवेतून पाणी पिते आणि उथळ सुया तेच मोजतात.

दुसरी तपासणी ताणाची. फळीचा आडवा तुकडा कापून त्याला मधून खाच पाडावी, म्हणजे दोन काटे उभे राहतात. हे काटे काही तासांत एकमेकांकडे आत झुकले, तर बाहेरचा थर घाईने सुकून ताणात अडकला आहे असे समजावे. अशी फळी करवतीवर चिरताच पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात आणि पुढचे कोणतेही यंत्र त्यांना सरळ करू शकत नाही. भट्टीच्या शेवटी ओलावा सम करण्याचा आणि वाफ देऊन ताण सोडवण्याचा टप्पा वगळू नये. रबरवुडच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. या लाकडाला बुरशी आणि भुंगा फार लवकर लागतो, त्यामुळे चिरल्याबरोबर बोरॉनची प्रक्रिया झालेलाच माल घ्यावा.

भट्टीतून निघालेला माल उघड्या शेडमध्ये ठेवला तर ऑगस्टमध्ये सगळी मेहनत वाया जाते. भट्टी आणि मोल्डर यांच्या मध्ये एक बंद खोली असावी, तिथे आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखणारे यंत्र असावे आणि भिंतीवर आर्द्रतामापक लावून त्याची नोंद पाळीगणिक व्हावी. लाइनच्या तोंडाशी ओलावा मोजणारा संवेदक बसवून ८ टक्क्यांखालची आणि १० टक्क्यांवरची फळी आपोआप बाजूला काढली गेली, की स्वयंचलनाचा पहिला खरा फायदा पदरात पडतो.

दोष कापणे आणि फिंगर जॉइंट

सुकलेल्या फळीच्या दोन्ही बाजू आधी हलक्या रंधून घ्याव्यात, म्हणजे गाठी, चिरा आणि निळे डाग दिसतात. त्यानंतर अनेक पात्यांच्या करवतीवर पट्ट्या चिराव्यात आणि दोष आडवे कापून काढावेत. कापणीच्या यंत्रात दोन पर्याय मिळतात. पहिल्यात कामगार चमकणाऱ्या खडूने रेघ मारतो आणि यंत्र ती रेघ वाचून कापते. दुसऱ्यात कॅमेरे आणि लेसर स्वतः दोष ओळखतात. सुरुवात खडूने करावी. कोणती गाठ चालते आणि कोणती नाही याचे नियम कारखान्यात पक्के झाले नसतील, तर स्कॅनरलाही ते सांगता येत नाहीत.

दोष काढून उरलेले आखूड तुकडे टोकांना दात पाडून एकमेकांत बसवतात, हाच फिंगर जॉइंट; फर्निचरच्या तुकड्यांना साधारण १० मि.मी. लांबीची फिंगर, म्हणजे दात, पुरते. दात पट्टीच्या रुंद बाजूवर दिसावेत की कडेवर, हे आधी ठरवावे; दात कडेवर घेतले तर पॅनेलच्या चेहऱ्यावर केवळ एक सरळ रेघ दिसते आणि ग्राहकाला ती अधिक आवडते. बोथट कटरने दातांची टोके चुरगळतात आणि सांधा पूर्ण बसत नाही, म्हणून धार लावण्याचे वेळापत्रक किती मीटर माल कापला या हिशेबाने ठेवावे. जोडलेल्या लांब पट्ट्या किमान एक पाळी तशाच ठेवून मग मोल्डरवर न्याव्यात.

मोल्डर: सांध्याचे भवितव्य इथे ठरते

पट्टीची कड अचूक काटकोनात असणे म्हणजे किती अचूक, हे एका गणिताने कळते. १८ मि.मी. जाडीत कड फक्त ०.०५ मि.मी. तिरकी निघाली आणि सगळ्या पट्ट्या एकाच बाजूने लागल्या, तर २७ सांध्यांचा मिळून कोन सव्वाचार अंशांवर जातो आणि १२२० मि.मी. रुंदीच्या पॅनेलला मधोमध जवळपास ११ मि.मी.ची कमान येते. वरून दाबणाऱ्या पट्ट्या प्रेसमध्ये ती कमान दाबून ठेवतात, पण प्रेस उघडल्यावर ताण आतच राहतो. म्हणून दर पाळीच्या सुरुवातीला दहा पट्ट्या सपाट लोखंडी टेबलावर हाताने एकमेकींना लावाव्यात आणि मागे दिवा धरावा. कुठल्याही सांध्यातून उजेड दिसता कामा नये, आणि दहाही पट्ट्या टेबलाला टेकलेल्या असाव्यात.

रंधलेली कड ताजी असतानाच गोंद लावावा. साधारण लाकडाला त्याच दिवशी. सागवानाला तर शक्यतो त्याच पाळीत, कारण सागातले तेल हळूहळू पृष्ठभागावर येते आणि गोंदाला धरू देत नाही. मोल्डर आणि गोंदयंत्र यांच्या मध्ये मालाचे ढीग साचू लागले की लाइनचा मेळ बिघडला आहे असे ओळखावे.

गोंद

आतल्या फर्निचरला पीव्हीए गोंद योग्य असतो. युरोपीय वर्गवारीतला डी३ गोंद घेतला तर स्वयंपाकघरातही पॅनेल टिकते. डी३ म्हणजे सांधा चार दिवस पाण्यात बुडवून ओलाच तपासला तरी त्याने प्रति चौ. मि.मी. किमान २ न्यूटन भार घ्यावा. त्याहून अधिक पाण्याशी संबंध असेल तर आयसोसायनेट हार्डनर (गोंद अधिक पक्का करणारे रसायन) मिसळलेला गोंद वापरतात, मात्र मिसळल्यावर त्याचे आयुष्य मर्यादित असते आणि हार्डनरच्या वाफेपासून कामगारांच्या श्वसनाला जपावे लागते.

कडेवर प्रति चौ. मीटर सुमारे १८० ग्रॅम गोंद धरला, तर आपल्या पॅनेलला जवळपास २१५ ग्रॅम लागतो आणि ५० पॅनेलला पावणेअकरा किलो. पाळीच्या शेवटी पिंप तोलावे. खप आठ किलोवर आला असेल तर कुठेतरी सांधे उपाशी राहिले आहेत.

बडोद्यात गोंदाचा खरा शत्रू मे महिना असतो. उत्पादकाने २० अंशांना दिलेला दहा मिनिटांचा मोकळा वेळ, म्हणजे गोंद लावल्यापासून दाब देईपर्यंतची मुभा, ४० अंशांच्या शेडमध्ये, वर पंखा चालू असताना, निम्म्याहून कमी उरतो. २८ पट्ट्यांवर गोंद लागून दाब बसेपर्यंत पहिल्या पट्टीवर साय धरलेली असते. असा सांधा नंतर फोडला की गोंदावर रोलरच्या रेघा जशाच्या तशा दिसतात. समोरच्या कडेला तो लागलेलाच नसतो. उपाय सोपा आहे: गोंद लावण्याची जागा पंख्याच्या झोतातून काढावी, शक्य असल्यास ती तेवढी खोली थंड ठेवावी, आणि पहिली पट्टी ते दाब यांतला वेळ यंत्राच्या नियंत्रकात टाकून मर्यादा ओलांडताच प्रेस सुरू होणार नाही अशी अट घालावी.

दाब

दाबमापकावरचा आकडा हा सांध्यावरचा दाब नव्हे, हे प्रत्येक ऑपरेटरला समजावून सांगावे. पाईनच्या सांध्याला प्रति चौ. मि.मी. ०.६ ते ०.८ न्यूटन आणि साग-रबरवुडला ०.८ ते १.२ न्यूटन दाब हवा. आपल्या पॅनेलच्या एका सांध्याचे क्षेत्रफळ २४५० × १८, म्हणजे ४४,१०० चौ. मि.मी. पाईनसाठी ०.८ धरला तर एकूण बळ ३५,२८० न्यूटन, म्हणजे सुमारे ३.६ टन. क्लॅम्पला ५० मि.मी. व्यासाचे पाच सिलिंडर असतील तर त्यांचे मिळून क्षेत्रफळ ९,८१७ चौ. मि.मी. होते आणि हायड्रॉलिक मापकावर ३६ बार लावावे लागतात. उद्या याच क्लॅम्पवर २५ मि.मी. जाडीचे पॅनेल घेतले तर तोच सांध्याचा दाब मिळण्यासाठी मापक ५० बारवर न्यावा लागेल. प्रत्येक जाडी, लांबी आणि लाकूड यांचा तक्ता करून तो नियंत्रकात भरावा, ऑपरेटरच्या अंदाजावर सोडू नये.

हे बळ काही मोजक्या बिंदूंवर पडत असेल तर पुरेसे नाही. कडेपासून दाब लाकडात सुमारे ४५ अंशांनी पसरतो, त्यामुळे ४५ मि.मी.च्या पहिल्या पट्टीच्या पलीकडच्या सांध्यापर्यंत तो दोन्ही बाजूंना ४५ मि.मी. इतकाच पोहोचतो. सिलिंडरांच्या पुढे न वाकणारी जाड पोलादी पट्टी असलीच पाहिजे. दाब बसल्यावर सगळ्या सांध्यांवर टोकापासून टोकापर्यंत गोंदाचे बारीक थेंब एकसारखे उमटले, तर तीनही गोष्टी जमल्या असे मानावे. गोंद ओघळत असेल तर तो जास्त झाला आहे. मध्येच थेंब तुटत असतील तर त्या जागी कड, गोंद किंवा दाब यांपैकी काहीतरी चुकले आहे.

उत्पादन वाढून पुढे रेडिओ फ्रीक्वेन्सी प्रेस घेण्याची वेळ आली, तर तो १३.५६ किंवा २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतो आणि लाकडापेक्षा ओल्या गोंदाला अधिक तापवतो, म्हणूनच तो वेगवान असतो. ओल्या पट्टीत मात्र ही ऊर्जा लाकडातच जिरते आणि ठिणगी पडून सांधा जळतो. मध्ये विसरलेला खिळा किंवा लोखंडी कण असल्यासही तेच होते. संरक्षक आवरण काढून तो चालवू नये आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीने त्याच्या जवळ काम करू नये.

विसावा आणि घासाई

प्रेसमधून निघालेल्या पॅनेलला लगेच सँडिंग मशीनवर नेण्याचा मोह आवरावा. पीव्हीएमधले पाणी सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडात शिरते आणि तिथला दोन-तीन मि.मी.चा पट्टा किंचित फुगतो. त्या अवस्थेत पॅनेल घासले तर फुगवटाच कापला जातो. दोन दिवसांनी पाणी निघून गेले की प्रत्येक सांध्यावर बारीक खळगी तयार होते. कच्च्या लाकडावर ती डोळ्यांना दिसत नाही. पॉलिश चढल्यावर, ट्यूबलाइटच्या तिरप्या उजेडात, २७ रेघा स्पष्ट दिसतात. म्हणून किमान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास पॅनेल सपाट थप्पीत ठेवावे आणि थप्पीच्या वर-खाली टाकाऊ बोर्ड टाकावा, नाहीतर वरचे पॅनेल एकाच बाजूने सुकून वाकते.

त्यानंतर रुंद पट्ट्याच्या सँडरवर ८०, १२० आणि १५० नंबरचा कागद क्रमाने लावावा. पॅनेल दोन्ही बाजूंनी सारखे घासावे.

लाकडाची बारीक धूळ कॅन्सरकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे, आणि तीच धूळ ठिणगीने पेटतेही. प्रत्येक यंत्राला धूळ ओढण्याची नळी असावी, नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास ठेवावा आणि सँडरच्या वाटेवर ठिणगी ओळखणारी व्यवस्था बसवावी.

तपासणी, आणि यंत्र ताब्यात घेताना

दर पाळीच्या पहिल्या पॅनेलच्या टोकाची ५० मि.मी. पट्टी कापून प्रत्येक सांधा पटाशीने फोडावा. फुटलेल्या भागावर लाकडाचे तंतू निघालेले असावेत. चकचकीत गोंद दिसला तर त्या क्षणी लाइन थांबवावी आणि बॅच क्रमांकावरून मागचा माल शोधावा. यासाठी प्रत्येक पॅनेलवर बारकोड आणि त्यासोबत ओलावा, गोंदाची बॅच, मोकळा वेळ व दाब यांची नोंद आपोआप झाली पाहिजे. ग्राहकालाही एक सूचना लेखी द्यावी: ६०० मि.मी. रुंदीचे सागाचे पॅनेल ९ वरून १३ टक्के ओलाव्यावर गेले तर ते साडेचार मि.मी.पर्यंत फुगू शकते, म्हणून ते स्क्रूने आवळून न बसवता लांबट भोकांतून बसवावे.

खरेदीचा क्रम भट्टी व बंद खोली, मग मोल्डर, मग क्लॅम्प यंत्र, त्यानंतर कापणी व फिंगर जॉइंट, आणि सर्वांत शेवटी ही यंत्रे जोडणारे कन्व्हेयर असा ठेवावा. पुरवठादाराशी करार करतानाच शेवटचा हप्ता चाचणीशी बांधून घ्यावा. चाचणी आपल्याच लाकडावर आणि आपल्याच गोंदावर, पूर्ण पाळीची, ५० पॅनेलची असावी आणि जमल्यास जुलैमध्ये व्हावी. त्यातली दहा पॅनेल निवडून पाच उघड्या शेडमध्ये आणि पाच वातानुकूलित खोलीत महिनाभर उभी ठेवावीत, मग सपाटी व प्रत्येक सांध्यावरची पायरी मोजावी, आणि ते आकडे करारातल्या मर्यादेत बसले तरच हप्ता द्यावा.